कायच्यानं घेतली?

आमच्या बाबूजींकडे कोणी पाहुणा आला, की पाणी विचारायच्या आधी ते विचारत, "आज कायच्यानं येणं केलं?" कायच्यानं म्हणजे कशामुळे. नवखा माणूस गडबडून जाई. तो म्हणे, बरेच दिवस भेट नव्हती, इकडे बाजाराला आलो होतो, आणि थोडं कामही होतं. बाबूजी शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "हे तर तीन झाले. घरून पाय कायच्यानं उचलला, थे सांगा." मग तो खरं काय ते सांगे, बहुधा पोरीच्या सोयरिकीचं काहीतरी असे, आणि त्यानंतर त्याला पाणी मिळे. उन्हाळ्यात हे जरा अतीच होई. बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दाराआड तांब्या घेऊन उभ्याच असत.

बाबूजी माझे कोणी नातेवाईक नव्हेत. लाखनीला हायवेच्या कडेला त्यांचं मिरचीचं गोदाम होतं आणि मी तिथे खरेदीच्या कामावर होतो. मी आंधळगावचा. भंडाऱ्याला कॉलेजात दोन वर्षं काढून, परीक्षेत आपटून घरी परतलेला. मिरची पिकते कशी हे मला ठाऊक होतं, विकली कशी जाते ते नव्हतं. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, मी तेवीस वर्षांचा होतो आणि स्वतःच्या हुशारीबद्दल माझं मत फार चांगलं होतं. पुढचं सगळं त्या मतापायीच झालं.

मिरचीचा धंदा हा वेळेचा धंदा. माल तोच, शेतकरी तोच, पण आज घेतली तर तरलो आणि आठ दिवसांनी घेतली तर फसलो, असं त्यात चालतं. बाकीचे व्यापारी वार, ऐकीव बातमी, शेजारच्या दुकानदाराचा चेहरा असं सगळं एकत्र कालवून खरेदी करत. बाबूजींनी चार खुणा ठरवल्या होत्या, आणि चारच. पहिली ट्रकची. दुपारी बाराच्या आत मिरचीने भरलेले तीन ट्रक रायपूरच्या दिशेने गेले, की कलकत्त्याला माल उठतोय असं समजायचं. दुसरी नागपूरच्या दलालाची तार. तिसरी आभाळाची. मिरची अंगणात वाळत पडलेली असताना सलग तीन दिवस ढग राहिले, की कोरडा माल कमी पडणार. आणि चौथी, मनात येणं. यातली कोणतीही एक दिसली की घ्यायची, दुसरीसाठी थांबायचं नाही.

इथपर्यंत कोणीही केलं असतं. बाबूजींचं वेड याच्या पुढे होतं. खरेदी कोणत्या खुणेनं झाली ते बोऱ्यावर, म्हणजे मिरचीच्या पोत्यावर, लागलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. समोरच्या टेलरकडून ते चार रंगांच्या चिंध्या आणून ठेवत. ट्रकची हिरवी, तारेची पिवळी, आभाळाची पांढरी, मनाची काळी. बोऱ्याचं तोंड दाभणानं शिवताना टाक्यातच चिंधी अडकवायची, आणि तीही शेतकऱ्याच्या अंगणात, बोरा बैलबंडीवर चढायच्या आत. गोदामात आल्यावर लावलेली चिंधी ते मानत नसत. माल विकला गेला, की त्या सौद्याची एक चिंधी काढून भिंतीवरच्या दोन सळयांपैकी एकीत खोचत. एक सळई बरं झालेल्यांची, दुसरी फसलेल्यांची. कोंढा गावच्या एका म्हातारीने एकदा त्या सळयांना हात जोडले आणि नवस कोणाचा म्हणून विचारलं. बाबूजी म्हणाले, नवसच आहे, फक्त देव कोणता ते अजून ठरायचं आहे.

आमचे जुने खरेदीदार होते, त्यांना सगळे दिवाणजी म्हणत. एकदा सकाळी तार आली आणि नंतर वाटेत, बाराच्या आत, तीन ट्रकही दिसले. दिवाणजींनी मोठ्या उत्साहाने त्या मालाला पिवळी आणि हिरवी अशा दोन्ही चिंध्या लावल्या. बाबूजींनी एक सोडायला लावली. दिवाणजी चिडले, दोन्ही खऱ्या आहेत म्हणाले. "दोन्ही खऱ्या असतीन," बाबूजी म्हणाले, "पण तुमी बसमध्ये बसले थे एकीनंच." तार नऊला आली होती, खरेदीला निघायची बस दहाची होती, पिवळी राहिली. दिवाणजी बाहेर येऊन माझ्यापाशी पुटपुटले, की या माणसाने मिरची सोडून वकिली केली असती तर जिल्हा सुधारला असता.

यामागचं त्यांचं म्हणणं सोपं होतं. "भाव चढला का सारेच म्हणतेत, मले ठाऊक होतं. माणूस खोटा नसते. याद खोटी असते." म्हणून डोक्यावर काही सोडायचं नाही, चिंधीवर सोडायचं. हंगाम संपला की ते दोन्ही सळया खाली काढत, अंगणात बसून रंगवार ढिगारे लावत आणि त्यांच्याकडे पाहत राहत. बाई म्हणायच्या, लोकांचे नवरे पत्ते खेळतात, आमचे हे चिंध्या खेळतात.

हा स्वभाव धंद्यापुरता असता तर चाललं असतं. त्यांच्या पुतणीला पाहायला साकोलीकडची मंडळी आली होती. मुलगी पसंत आहे असं मुलाच्या बापानं सांगितलं. सगळ्यांचे चेहरे उजळले, आणि बाबूजींनी विचारलं, कायच्यानं? मुलाचा बाप सज्जन होता. त्याने शिक्षण सांगितलं, घराणं सांगितलं, रूप सांगितलं, पत्रिका सांगितली. बाबूजी म्हणाले, चार कारणं म्हणजे एकही नाही. पुतणीचा बाप, म्हणजे बाबूजींचा धाकटा भाऊ, खाली मान घालून सतरंजीचे दोरे ओढायला लागला. सोयरीक तुटणार असं मलाही वाटलं. तेवढ्यात आतून मुलाची आई म्हणाली, "पोहे आणले तवा तिनं पयले आमच्या आजोबाले देले. बाकीच्यायनं मागून घेतले. म्हणून." बाबूजी एकदम उठले आणि त्या बाईंना नमस्कार करून म्हणाले, हे खरं. लग्न झालं. पुतणी सुखात राहिली, हे मी पुढे अनेक वर्षं पाहिलं.

काळ्या चिंधीविषयी सांगितलं पाहिजे. ती कोणालाच नको असे. काळी लावायची म्हणजे, मला काही खूण दिसली नाही, मी आपली उगाच घेतली, असं चारचौघांत कबूल करायचं. गोदामात देठं खुडायला बाया बसत, त्यांच्यातसुद्धा काळ्या चिंधीचा बोरा आला की हशा पिके. बाबूजींना मात्र तिचं काही वाटत नसे. एकदा कोणाच्या तरी अंगणात मिरची वाळत होती, शेजारी एक वासरू उभं होतं, ऊन तिरपं पडलं होतं आणि सगळं अंगण लालेलाल दिसत होतं. बाबूजींनी तिथल्या तिथे सगळा माल घेतला आणि मला म्हणाले, "मनात आलं. बांध काळी." तो माल चांगलाच अंगाशी आला. चिंधी स्वतःच्या हाताने फसलेल्यांच्या सळईत खोचून ते खुशीत म्हणाले, "मन बेइमान नाही माहं. मिरची समजत नाही त्याले, इतकंच."

माझं मन तेवढं मोकळं नव्हतं.

दुसऱ्या का तिसऱ्या हंगामातली गोष्ट. मी कोंढ्याला गेलो होतो. सकाळी लाखनीहून निघताना चहाच्या टपरीवर थांबून ट्रक मोजायचा आमचा रिवाज होता. ताडपत्री घातलेला, ड्रायव्हर नाकावर दुपट्टा बांधून बसलेला ट्रक दिसला की तो मिरचीचा. त्या दिवशी दोनच गेले. तार नव्हती, आभाळ स्वच्छ होतं. पण कोंढ्याच्या त्या शेतकऱ्याची मिरची हातात घेतली आणि मला वाटलं, घ्यावी. का वाटलं ते सांगता येत नव्हतं. मी घेतली. बोरे शिवायला बसलो तेव्हा खिशातून काळी चिंधी निघाली, तिच्यामागे हिरवीही निघाली. दोन ट्रक गेले म्हणजे तिसरा गेलाच असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि हिरवी लावली.

पुढे भाव चढला. हिरवी चिंधी चांगल्या सळईत गेली आणि बाबूजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताने माझं नुकसान केलं असं म्हणणं बरोबर नाही, नुकसान मीच केलं. पण त्यानंतर मला ते सोपं होत गेलं. दोन ट्रकांचे तीन होत, एकाचे तीन होत. पुढे पुढे मी टपरीवर थांबेनासा झालो. मनात आलं की घ्यायचो आणि हिरवी लावायचो. काही वेळा खरोखरच तीन ट्रक गेलेले असत, तेव्हाही हिरवीच. माझा माल बहुतेक चांगल्या सळईत जाई आणि दिवाणजीसुद्धा म्हणत, या पोराला ट्रक बरोबर दिसतात. कोणाचं काही बिघडत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. नऊ वर्षं ती टिकली.

मग बाबूजींची नजर जायला लागली. आधी ते मिरची उन्हात नेऊन पाहू लागले, मग बाईंना रंग विचारू लागले. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि गेलेलं परत येणार नाही हेही सांगितलं. मूलबाळ नव्हतं. दिवाणजी थकून घरी बसले होते. लोकांना वाटलं, आता गोदाम बंद होणार. एका दुपारी बाबूजींनी मला बोलावलं, दोन्ही सळया काढायला लावल्या आणि सगळ्या वर्षांच्या चिंध्या रंगवार लावायला सांगितल्या. मी ढिगारे लावले. ते एकेका ढिगाऱ्यावर हात ठेवून अंदाज घेत होते. चांगल्या सळईतला हिरव्याचा ढीग बाकी तिन्ही ढिगांपेक्षा कितीतरी मोठा होता, आणि फसलेल्यांत हिरव्या अगदी थोड्या.

ते खुलले. म्हणाले, आता तीन खुणा सोडून द्यायच्या. ढग दिसत नाहीत, तार वाचता येत नाही, आणि मनाचं तर माहीतच आहे. पण ट्रकला डोळे लागत नाहीत. "मी आवाजावरून सांगतो भरला का रिकामा. ठसका लागला का मिरचीचा. या बाजंवर बसून मोजतो मी." आणि मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. तलावाखालची त्यांची धानाची दोन एकर जमीन होती, बाईंच्या माहेरच्यांनी दिलेली. ती विकून यंदा गोदाम गच्च भरायचं. हिरव्या खुणेवर एकच मोठी खरेदी, मग दोघांच्या म्हातारपणाची काळजी नाही. जमीन घेणारा माणूस बाजाराच्या दिवशी येणार होता. त्याला तीन दिवस होते.

मी निघालो तेव्हा बाई ओसरीच्या टोकाशी उभ्या होत्या. त्या धंद्याविषयी कधी बोलत नसत. त्या दिवशी हळूच म्हणाल्या, "भाऊ, त्या चिंध्या तूच बांधल्या ना बहुतेक? बरोबर आहेत ना?" मी हो म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो, की त्यांचा चेहरा निवळला. तो निवळलेला चेहरा घेऊन मी माझ्या खोलीवर आलो आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही. नोकरी जाईल, ही भीती होती. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, ही होती. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त भीती होती ती त्यांच्या पहिल्या प्रश्नाची.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेलो. ते बाजेवर बसून रस्त्याकडे कान देऊन होते. मी म्हणालो, "बाबूजी, हिरव्या साऱ्या खऱ्या नाहीत. माह्या हातच्या."

त्यांनी तोंड रस्त्याकडून माझ्याकडे वळवलं. मग त्यांनी तेच विचारलं. "कायच्यानं केलं?"

मी सांगायला लागलो. दोन ट्रक गेले होते, तिसरा जाईलच असं वाटलं. बसची घाई असायची. माल तर चांगलाच निघत होता. त्यांनी हात वर केला. मी थांबलो, आणि पायांकडे पाहत म्हणालो, "काळी बांधाची लाज वाटे."

"हां," ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

मग त्यांनी हिरवा ढीग मागवला. एकेक चिंधी उचलून माझ्या हातात देऊ लागले आणि विचारू लागले, ही? पहिली मी ओळखली, कोंढ्याची, कडेला टेलरची पांढरी शिवण राहिलेली. ती मनाची होती. दुसरी दिवाणजींच्या गाठीची, ती खरी. तिसरी बहुतेक ट्रकची. चौथीला मी अडखळलो. पाचवी, सहावी, सातवी, मला काहीच सांगता येईना. नऊ वर्षांत मी इतक्या वेळा स्वतःला ट्रक गेले म्हणून सांगितलं होतं, की कुठे गेले होते आणि कुठे नव्हते ते माझं मलाच उरलं नव्हतं. ते मात्र चिंधी पुढे करतच होते. शेवटी मी म्हणालो, बाबूजी, नाही सांगता येत.

"तुह्या मनानं घेतलेली मिरची चांगली निघे, का ट्रकानं घेतलेली?"

"माहीत नाही."

त्यांचा हात चिंध्यांवर तसाच राहिला. मग ते म्हणाले, "मले फसवलं, थे जाऊ दे. पण तुह्यं मन कदाचित मिरची समजत होतं लेका. आता कोणालेच कळणार नाही थे." इतक्या वर्षांत कोणाचं रागावणंही मला इतकं लागलं नव्हतं जितकं हे लागलं. मी तिथेच बसून रडलो. बाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि परत गेल्या.

हिरव्या चिंध्या सगळ्याच्या सगळ्या चुलीत गेल्या. त्यांत दिवाणजींच्या खऱ्या होत्या, बाबूजींच्या स्वतःच्याही होत्या, पण वेगळ्या काढायच्या कशा? दुसऱ्या दिवशी जमीन घेणारा आला, त्याला चहा पाजून परत पाठवलं. मला कामावरून काढलं नाही. त्या हंगामात जेमतेम कोपरा भरेल एवढीच मिरची घेतली आणि बाकीचं गोदाम रिकामं राहिलं.

आणि त्याच वर्षी ट्रक धावले. मी टपरीवर उभा राहून मोजत असे, दुपारच्या आत कधी चार, कधी पाच. भाव चढत गेला तो चढतच गेला. लाखनीच्या बाजारात लोक बाबूजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, म्हाताऱ्याचे डोळे गेले आणि नशीबही गेलं. मला ते सहन होईना. माझं खोटं खोटंच होतं, पण ट्रकची खूण त्या वर्षी तरी खरी ठरली होती. मी तोंड उघडलं नसतं तर दोघांचं म्हातारपण सुखात गेलं असतं. एका संध्याकाळी गोदामाला कुलूप घालताना मी त्यांना हे बोलून दाखवलं. म्हणालो, माझ्यामुळे गेलं सगळं, आधी खोटं बोललो म्हणून आणि नंतर खरं बोललो म्हणून.

बाबूजी किल्ली चाचपत होते. म्हणाले, "घेतली असती तर फायदा झाला असता, खरं आहे. अन् तुह्यं खोटं पक्कं झालं असतं. तू जल्मभर म्हटलं असतं, ट्रकानंच झालं. मी म्हटलं असतं, पोरगा हुशार आहे. दोघंही आंधळे झालो असतो. आता मी एकटाच आहो."

त्यांचं घर रस्त्याच्या पलीकडे होतं. रोज ते कडेला उभे राहून बराच वेळ कान देत आणि मगच काठी टेकत ओलांडत, कोणी हात धरलेला त्यांना चालत नसे. त्या दिवशीही आम्ही कडेला येऊन उभे राहिलो. संध्याकाळची वर्दळ होती, रायपूरकडून, नागपूरकडून गाड्या येतच होत्या. थोड्या वेळाने वर्दळ ओसरली.

"काही येऊन राहिलं काय?" त्यांनी मला विचारलं.

मी दोन्हीकडे पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. "नाही," मी म्हणालो.

त्यांनी कान न देता पाऊल टाकलं.